जर्मनीच्या प्रश्नावलीत सगळीकडे ‘हो’ लिहू का?

नाशिकच्या एका उद्योजिकेचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

“आमची चौदा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कॉलेजातला मित्र आणि मी, दोघांनी सहा वर्षांपूर्वी सुरू केली. नोकरीसाठी आलेले अर्ज वाचून प्रत्येक उमेदवाराला शंभरपैकी गुण देणारं एआय सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मुलाखतीच्या वेळा जुळवणं आणि उमेदवारांच्या शंकांना उत्तरं देणारा चॅटबॉट, हेही त्यातच येतं. आतापर्यंत सगळे ग्राहक पुण्या-मुंबईचे होते. आता जर्मनीतली यंत्रं बनवणारी एक कंपनी आमचं सॉफ्टवेअर घ्यायला तयार आहे. हा एक करार म्हणजे आमच्या वर्षाच्या उलाढालीचा तिसरा हिस्सा. पण त्यांनी युरोपच्या एआय कायद्याबद्दल त्र्याण्णव प्रश्न पाठवलेत. खरं सांगायचं तर निम्म्या प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आहे. भागीदार म्हणतो, सगळीकडे ‘हो’ लिहू, काम मिळालं की बघू; नाहीतर युरोप सोडून अमेरिका-आखाताकडे वळू. गुंतवणूकदार म्हणतात, नियमांवर पैसे घालवू नका, उमेदवाराचा व्हिडिओ बघून त्याचा आत्मविश्वास मोजणारं फीचर आधी काढा, स्पर्धक पुढे चाललाय. माझे वडील पिंपळगाव बसवंतचे द्राक्षबागायतदार, माल युरोपला पाठवतात. ते म्हणतात, खोटं लिहू नकोस. मला ते पटतं, पण चौदा घरं आमच्यावर चालतात. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. आमच्यासारख्यांनी नियम पाळत बसायचं की धंदा करायचा?”

सगळीकडे ‘हो’ लिहू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण प्रश्नावली परत पाठवायची तारीख जवळ आली असणार, आणि अशा दिवसांत भागीदाराचं म्हणणं रोज थोडं थोडं पटायला लागतं. पण करार सोडून द्यायचीही गरज नाही. त्र्याण्णव प्रश्न तुम्हाला एका डोंगरासारखे दिसताहेत. तुमचं पत्र वाचून मी कागदावर तुमच्या सॉफ्टवेअरचे चार भाग मांडले, तेव्हा खरा अवघड भाग एकच निघाला.

युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला आणि त्यातली कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होतात. यंत्र किती हुशार आहे यापेक्षा ते कशासाठी वापरलं जातं, यावर त्यातली बहुतेक बंधनं ठरतात. मुलाखतीच्या वेळा जुळवणारा तुमचा भाग कुणाच्या पोटापाण्याचा फैसला करत नाही, त्याला या कायद्याचा जवळपास काहीच जाच नाही. चॅटबॉटची मुख्य अट एवढीच, की आपण यंत्राशी बोलतोय हे उमेदवाराला स्पष्ट कळलं पाहिजे. हे काम एका दुपारचं आहे. या दोन भागांपुरते बरेच प्रश्न ‘हो’ किंवा ‘लागू नाही’ असे सरळ सुटतील.

तिसरा भाग म्हणजे ते व्हिडिओचं फीचर. ते अजून बनलेलं नाही ना? मग बनवूच नका. चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून माणसाच्या भावना ओळखणारं एआय कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत वापरायला युरोपनं २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नोकरभरतीतले उमेदवारही या बंदीत येतात. ‘आत्मविश्वास’ ही भावनाच नाही, असा वाद घालता येईल, पण त्या वादावर कंपनी पणाला लावू नका. बंदी मोडली तर दंडाची कमाल मर्यादा साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के. मोठ्या कंपनीला यातली जास्त रक्कम लागू होते, लहानांना कमी. तरीही चौदा जणांच्या कंपनीला ती झेपणारी नाही.

दंडाची गोष्ट बाजूला ठेवून एक विचारतो. सिन्नरच्या किंवा सुरगाण्याच्या एखाद्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसून इंग्रजीत उत्तरं दिली. ती अडखळली, खाली बघत बोलली. तुमचं यंत्र तिला किती गुण देईल? आणि ते गुण तिच्या कामातल्या कौशल्याबद्दल काय सांगतील? चेहऱ्यावरून मन वाचण्याच्या दाव्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, ही शंका त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच नोंदवलेली आहे. भारतात आज अशी बंदी नाही, म्हणून पुण्याच्या ग्राहकाला हे फीचर विकता येईल. मला विचाराल तर तिथेही विकू नका. गुंतवणूकदारांना सांगा, की स्पर्धक ज्या रस्त्यानं पुढे चाललाय, त्या रस्त्यावर एका मोठ्या बाजाराचं दार आधीच बंद झालेलं आहे.

आता चौथा भाग, गुण देणारा. खरं काम इथे आहे.

कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात जास्त जोखमीच्या वापरांची यादी आहे. नोकरभरतीतले अर्ज चाळणं, गाळणं आणि उमेदवारांचं मूल्यमापन करणं हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. यंत्र फक्त किरकोळ तयारीचं काम करत असेल तर या यादीतून सुटायला एक वाट ठेवली आहे. पण माणसाच्या माहितीवरून त्याच्याबद्दल अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे प्रोफाइलिंगला, ती वाट बंद आहे. उमेदवाराला शंभरपैकी गुण देणं हे प्रोफाइलिंगच.

यावर तुमचा भागीदार म्हणेल, आपण फक्त गुण देतो, नोकरी द्यायची की नाही ते ग्राहक ठरवतो. नेमका हाच मुद्दा जर्मनीत एकदा कोर्टात गेला आहे. शूफा ही तिथली पतमापन करणारी कंपनी. कर्ज द्यायचं की नाही ते बँक ठरवते, आम्ही फक्त आकडा देतो, अशी तिची बाजू होती. ७ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं, की समोरचा त्या आकड्यावरच प्रामुख्यानं विसंबत असेल, तर आकडा काढणं हाच युरोपच्या माहिती संरक्षण कायद्याखाली ‘स्वयंचलित निर्णय’ ठरतो. तुमच्या ग्राहकाकडे एका जागेसाठी चारशे अर्ज आले आणि एचआरमधल्या बाई तुमच्या यादीतले वरचे वीसच उघडत असतील, तर उरलेल्या तीनशे ऐंशी जणांचा निकाल कुणी लावला? हा प्रश्न भागीदारासमोर असाच ठेवा. तो इंजिनिअर आहे, त्याला उत्तर कळेल.

या भागासाठी काय लागतं, ते थोडक्यात: जोखमींचा लेखी आढावा, कुठल्या माहितीवर यंत्र शिकवलं याचा हिशेब, सॉफ्टवेअर कसं चालतं याची तांत्रिक कागदपत्रं, आपोआप साठणारे लॉग (यंत्रानं केव्हा काय केलं याच्या नोंदी), ग्राहकासाठी वापराच्या सूचना, यंत्राचा निकाल माणसाला खरोखर फिरवता येईल अशी सोय, आणि हे सगळं सांभाळणारी गुणवत्तेची घडी. कागदपत्रं दहा वर्षं जपायची. युरोपात तुमच्या वतीनं उत्तर देणारा एक अधिकृत प्रतिनिधी लेखी नेमायचा. शेवटी अनुरूपतेचं घोषणापत्र (म्हणजे सॉफ्टवेअर कायद्याच्या अटींत बसतं असं लेखी सांगणं), तेच दाखवणारी सीई खूण आणि युरोपच्या डेटाबेसमध्ये नोंदणी.

यादी वाचून धडकी भरेल, म्हणून दिलासा देणारी एक गोष्ट लगेच सांगतो. नोकरभरतीच्या सॉफ्टवेअरला बाहेरच्या प्रमाणन संस्थेचा शिक्का लागत नाही. अनुरूपतेची तपासणी तुमची तुम्हीच करायची असते. लहान कंपन्यांना तांत्रिक कागदपत्रं सोप्या नमुन्यात देण्याची मुभाही कायद्यात आहे. शिवाय तुमचं सॉफ्टवेअर एखाद्या मोठ्या कंपनीच्या भाषा-मॉडेलवर उभं असेल (आजकाल बहुतेकांचं असतंच), तर अशा मॉडेलच्या निर्मात्यांवर २ ऑगस्ट २०२५ पासून वेगळी जबाबदारी आली आहे: त्यांच्या मॉडेलवर पुढे काही बांधणाऱ्यांना त्याच्या क्षमता आणि मर्यादा समजतील अशी कागदपत्रं त्यांनी द्यायची. ती मागा. त्र्याण्णवपैकी काही प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे आहेत, तुमच्याकडे नाहीत.

तारखेचंही सांगतो, कारण ‘मुदत वाढणार आहे’ हे वाक्य तुमच्या ऑफिसात कुणीतरी नक्की बोललं असेल. मूळ कायद्यात या जास्त जोखमीच्या वापरांसाठी २ ऑगस्ट २०२६ ही तारीख होती. आयोगानं १९ नोव्हेंबर २०२५ रोजी ती डिसेंबर २०२७ पर्यंत लांबवण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामागे युरोपातल्या उद्योगांचाच रेटा होता. जुलै २०२५ मध्ये विमानं बनवणारी एअरबस, एआय बनवणारी मिस्त्राल अशा कंपन्यांच्या प्रमुखांनी खुलं पत्र लिहून कायद्याला दोन वर्षं थांबवायची मागणी केली होती. पण कायद्याची तारीख आणि तुमच्या करारातली तारीख या दोन वेगळ्या गोष्टी. बऱ्याच जर्मन कंपन्यांत कामगारांनी निवडून दिलेली परिषद असते, बेट्रीब्सराट. भरतीचे निकष ठरवण्यात तिची संमती लागते, आणि २०२१ पासून तिथल्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, की निकष एआयनं ठरवले तरी हा हक्क कायम राहतो. तुमच्या प्रश्नावलीतले काही प्रश्न या परिषदेकडून आले असण्याची मला दाट शंका आहे. युरोपीय संघानं मुदत वाढवली तरी ती परिषद थांबेलच असं नाही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्याकडे येतो. ते त्र्याण्णव प्रश्नांत कदाचित या शब्दांत नसेलही.

तुमचं यंत्र पुण्या-मुंबईच्या अर्जांवर शिकलं आहे. आपल्याकडच्या अर्जांत काय वजनदार असतं? बीई, बीटेक, एमबीए, कॉलेजचं नाव, टक्के. जर्मनीत यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला हवा असलेला उत्तम माणूस बरेचदा विद्यापीठात गेलेलाच नसतो. शाळेनंतर त्यानं कारखान्यात दोन-साडेतीन वर्षं ‘आउसबिल्डुंग’ केलेलं असतं, आठवड्यातले काही दिवस कामावर आणि काही दिवस व्यवसायशाळेत. पुढे अनुभव आणि परीक्षेच्या जोरावर तो ‘माइस्टर’ होतो. त्या समाजात या पदवीला मोठा मान आहे. तुमचं यंत्र अशा माणसाच्या अर्जात पदवीचा रकाना शोधेल, तो रिकामा दिसेल आणि त्याला पस्तीस गुण देऊन खाली टाकेल. तुम्ही सगळीकडे ‘हो’ लिहून करार मिळवलात, तर सहा महिन्यांत ग्राहकाच्या कारखान्यातल्या फोरमनच्या हे लक्षात येईल. तेव्हा कायदा लागू झालेला असो वा नसो, करार जाईल.

कायद्याच्या दहाव्या कलमात अट आहे, की यंत्राला शिकवणारी माहिती ते जिथे वापरायचं त्या प्रदेशाला आणि तिथल्या परिस्थितीला धरून असावी. वाचताना ही कागदी अट वाटते. तुमच्या बाबतीत ती अट आणि माल सुधारण्याचं काम एकच आहे. म्हणून तुमच्या ‘नियम पाळायचे की धंदा’ या प्रश्नातला ‘की’ मला पटत नाही. कुठे नियम नुसता भार असतो, हे मला मान्य आहे, त्यावर पुढे लिहितो. पण गुण देणाऱ्या भागात तसं नाही.

हे तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं सांगता येईल. २०१० चा हंगाम त्यांना विचारा. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे, बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले, भाव कोसळले, निर्यातदार आणि बागायतदार दोघंही बुडाले. यातली बोचणारी गोष्ट अशी, की माल तपासणी न करता गेला नव्हता. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था तेव्हाही होती, बागांची नोंदणी होती, प्रयोगशाळांत नमुने तपासले जात होते. पण ज्या रसायनांची तपासणी करायची त्या यादीत हे रसायन नव्हतं. वेलीची फाजील वाढ रोखायला ते बागेत मारलं जात होतं, हे बागायतदाराला माहीत होतं. प्रयोगशाळेनं ते विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

तुमच्याकडे आलेली प्रश्नावली ही जर्मन ग्राहकाची तशीच यादी आहे. तुमच्या बागेत काय मारलंय, ते तुम्हालाच माहीत.

२०१० नंतर नाशिकच्या मालानं युरोप सोडला नाही. यादी वाढली, पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली तपासणी कडक झाली, बागायतदारांनी फवारणीची वही चोख ठेवायला सुरुवात केली. आज कंटेनरमधल्या पेटीवरून माल कुठल्या बागेतला ते शोधता येतं. ती वही भरायला तुमच्या वडिलांना वकील लागला नव्हता.

तुम्हाला लागणारी वही अशी. जर्मन ग्राहकाकडे त्यांच्याच मागच्या दोन-तीन वर्षांच्या भरतीतले काही शे अर्ज मागा, नावं-पत्ते काढलेले, आणि प्रत्येकाबद्दल त्यांच्या अनुभवी माणसांचं मत. ते तुमच्या यंत्रातून काढा. कुठे मत जुळतं, कुठे नाही, ते लिहा. मग त्याच अर्जांत एकेक गोष्ट बदला, बाकी काही हलवू नका. म्युलर या जर्मन नावाच्या जागी यिल्माझ हे तुर्की नाव लिहा. पदवीचं साल वीस वर्षं मागे न्या. बाईच्या अर्जात मूल झाल्यावरची दोन वर्षांची सुट्टी घाला. गुण किती हलतात ते मांडा. एका नावानं सात गुण हलत असतील, तर ते आज तुमच्या ऑफिसात कळणं चांगलं. अॅमेझॉननं हाच प्रकार स्वतःच्या भरतीच्या प्रयोगात पाहिला होता. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या, बहुतेक पुरुषांच्या अर्जांवर शिकलेलं ते यंत्र अर्जात ‘महिलांचा’ असा शब्द आला की गुण कमी करायचं. त्यांनी तो प्रयोग गुंडाळला, आणि २०१८ साली ती बातमी जगभर गेली. तिथे पैशांची किंवा हुशारीची कमतरता नव्हती.

आणि हीच परीक्षा पुण्या-मुंबईच्या ग्राहकांसाठीही घ्या. तिथे नावाच्या जागी आडनाव येईल, आणि आपल्याकडे आडनाव काय सांगतं हे मी तुम्हाला सांगायला नको. मराठी माध्यम, पिनकोड, गावाचं नाव, हेही बदलून बघा. यासाठी मला कुठल्या कायद्याचा हवाला द्यावासा वाटत नाही.

वहीबद्दल एक माझ्या अनुभवातलं. मी नोकरीची पहिली बारा वर्षं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काढली. एकदा परदेशी ग्राहकाचा ऑडिटर आला. त्यानं महिन्याभराच्या मापांचा तक्ता हातात घेतला, खिडकीकडे नेला आणि एवढंच विचारलं: तीस दिवसांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं कशा झाल्या? तो तक्ता आदल्या रात्री बसून भरलेला होता. माल खरं तर चांगला होता, पण ती ऑर्डर गेली ती गेलीच. म्हणून लॉग आजपासून साठवायला लागा. ग्राहकालाही हे लॉग किमान सहा महिने ठेवावे लागणार आहेत. नंतर जुळवलेली नोंद आणि त्या दिवशी झालेली नोंद यांतला फरक ओळखणारी माणसं असतात.

आता तुमची तक्रार. मोठ्यांकडे वकिलांची फौज असते, हे अगदी खरं आहे आणि ते मी गुळगुळीत करून सांगणार नाही. नियमाचा खर्च उलाढालीच्या प्रमाणात येत नाही. वीस हजार नोकरांच्या कंपनीला जी कागदपत्रं लागतात, जवळपास तीच चौदा जणांना लागतात. युरोपनं यावर उपाय म्हणून प्रत्येक सदस्यदेशात नियामकाच्या देखरेखीखाली प्रयोग करायची जागा, ‘सँडबॉक्स’, ठेवायचं ठरवलं आणि लहान कंपन्यांना तिथे आधी प्रवेश दिला. पण हा अग्रक्रम युरोपात कार्यालय किंवा शाखा असलेल्यांना. नाशिकच्या कंपनीवर बंधन पूर्ण, सवलत मात्र अर्धी. हे मला अन्यायाचं वाटतं. तुमच्या उद्योजक संघटनेनं ते भारत-युरोप व्यापाराच्या बोलण्यांत मांडायला हवं.

आणि बोलल्यानं फरक पडतो. १ मार्च २०२४ रोजी आपल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं एक सूचनापत्र काढलं होतं: पुरेशी चाचणी न झालेली एआय मॉडेल्स भारतात लोकांपुढे आणण्याआधी सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. स्टार्टअपवाल्यांनी आवाज उठवला, आणि १५ मार्चला सुधारित पत्र आलं, त्यात परवानगीची अट नव्हती. ती अट जाणं योग्यच होतं. कुठल्या कामाला किती जोखीम याचा विचार न करता सरसकट परवानगी मागितली, की चॅटबॉट आणि कर्ज नाकारणारं यंत्र एकाच रांगेत उभी राहतात, आणि रांगेत जास्त काळ तग धरतो तो मोठाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतानं एआयच्या कारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात तूर्त वेगळा कायदा न करता आहेत त्याच कायद्यांवर भर दिला आहे. त्याच महिन्यात वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याचे नियमही आले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात आणि दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. उमेदवारांचे अर्ज म्हणजे वैयक्तिक माहितीच. तेव्हा भारतातही तुम्ही मोकळ्या रानात नाही.

माझं मत विचाराल तर माणसाची नोकरी, कर्ज, उपचार, शाळाप्रवेश जिथे यंत्राच्या हाती जातो, तिथे भारतानंही स्पष्ट कायदा करावा, आणि बाकी ठिकाणी कंपन्यांना हात मोकळे ठेवावेत. लहान कंपन्यांसाठी सरकारनं चाचणीची सोय स्वतः उभी करावी, जशी द्राक्षासाठी प्रयोगशाळांची उभी केली. इंडिया एआय मिशनसाठी मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपये मंजूर झाले. संगणकशक्ती स्वस्तात मिळावी म्हणून त्यातला मोठा वाटा आहे, ते चांगलंच. पण आडनाव बदललं की गुण बदलतात का, हे तपासून देणारी परवडणारी प्रयोगशाळा नाशिकमध्ये असती, तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं.

अमेरिकेबद्दल भागीदाराला एवढंच सांगा. तिथे देशपातळीवर एआयचा सर्वंकष कायदा नाही हे खरं, पण नोकरभरती हाच तिथल्याही लोकांच्या डोळ्यात खुपणारा विषय आहे. न्यूयॉर्क शहरात भरतीच्या अशा साधनांचं दरवर्षी स्वतंत्र ऑडिट करून निकाल जाहीर करावा लागतो, जुलै २०२३ पासून. इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२६ पासून भरतीत एआयमुळे होणारा भेदभाव कायद्यानं गुन्ह्यासारखा नसला तरी नागरी हक्कांचा भंग ठरतो. राज्यांना दहा वर्षं असे कायदे करू द्यायचे नाहीत, असा प्रस्ताव अमेरिकी सिनेटपुढे होता. १ जुलै २०२५ रोजी तो ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकला गेला. जर्मनीसाठी केलेली वही न्यूयॉर्कला थोड्या फेरफारानं चालेल. न केलेली वही कुठेच चालणार नाही.

भागीदारावर रागावू नका. पगाराची तारीख त्यालाही दिसते, आणि ‘हो’ लिहू म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा ‘नाही’ लिहून काम कसं मिळवायचं ते कुणी दाखवलेलं नसतं. त्याला पिंपळगावला घेऊन जा. वडिलांची फवारणीची वही त्याच्या हातात द्या, आणि वेलीवरून माल उतरवायच्या आधी नमुना कसा जातो, अहवाल कसा येतो ते त्याला वडिलांकडूनच ऐकू द्या.

मग दोघं मिळून जर्मनीला उत्तर लिहा. प्रश्नावलीच्या आधी एक पानाचं पत्र जोडा. त्यात चार भाग स्पष्ट मांडा: कशाला बंधन नाही, कशाची पूर्तता झाली आहे, कुठलं फीचर आम्ही बनवणारच नाही आणि का, आणि गुण देणाऱ्या भागात आज काय नाही. प्रत्येक ‘नाही’समोर तारीख आणि करणाऱ्याचं नाव लिहा. पहिले सहा महिने गुण देणारा भाग फक्त समांतर चालवू, त्यावरून कुणालाही नाकारायचं नाही, असा प्रस्ताव ठेवा. आउसबिल्डुंग केलेल्या उमेदवारांबद्दलची तुमची शंका त्याच पत्रात स्वतःहून सांगा आणि जुने अर्ज मागा. मला वाटतं, त्र्याण्णव वेळा ‘हो’ लिहिणाऱ्या कंपनीपेक्षा हा परिच्छेद लिहिणारी कंपनी त्यांना जास्त वेळ वाचावीशी वाटेल.

या कामाचा खर्च किमतीत वेगळ्या ओळीत दाखवा. प्रतिनिधीची फी, चाचणीचे दिवस, एका माणसाचा अर्धा वेळ. फुकट देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी हे काम सगळ्यात आधी कापलं जाईल. करारात ग्राहकाच्या जबाबदाऱ्याही लिहून घ्या: निकाल माणसानंच बघायचा, उमेदवारांना आणि कामगारांना कळवायचं, लॉग जपायचे. कायद्यानं त्या त्यांच्या आहेत, त्यांचं ओझं तुमच्यावर घेऊ नका. करारावर सही करण्याआधी युरोपचा माहिती कायदा जाणणाऱ्या वकिलाला तो एकदा दाखवा. चार तासांची फी लागेल, ती वाचवू नका.

तरीही ते नाही म्हणाले तर? तसं होऊ शकतं, मी खात्री देऊ शकत नाही. मग तुमच्याकडे तिसरा हिस्सा उलाढाल नसेल आणि आडनावाची, पदवीची, सुट्टीची परीक्षा दिलेलं सॉफ्टवेअर असेल. त्या परीक्षेचा निकाल घेऊन पुण्याच्या ज्या कारखान्यांच्या मालक कंपन्या जर्मनीत आहेत, त्यांच्याकडे जा. तशी चाकण-पिंपरीत बरीच आहेत, आणि हेच प्रश्न त्यांच्या एचआरच्या टेबलावरही येणार आहेत.

जर्मनीकडून काय उत्तर आलं ते कळवा. यिल्माझला किती गुण मिळाले, तेही.